डावीकडचं वजन

बॉनेट उघडलं आणि मी ओरडलेच. बॅटरी जागेवर नव्हती.

"दादा! आबा! बॅटरी गेली! कुणीतरी ढापली!"

रिकाम्या जागी नुसता गंजका ट्रे होता आणि दोन वायरी लोंबत होत्या. शर्यत तोंडावर आलेली, आणि आमच्याच गॅरेजातून आमच्याच गाडीची बॅटरी जाते म्हणजे काय! माझं टाळकं सटकलं. कुणाला धरून बडवायचं हेही मी मनात ठरवायला लागले होते.

गाडीच्या मागून, उघड्या डिकीआडून आबांनी डोकं बाहेर काढलं. "बोंबलू नको ग. मीच काढलीया. हिकडं ये, बघ."

मागे जाऊन बघते तर डिकीच्या डाव्या कोपऱ्यात आबांनी लोखंडी पट्ट्यांची चौकट वेल्डिंग करून बसवलेली, आणि तिच्यात एक दांडगी बॅटरी. आमची जुनी नव्हेच ती.

"ही तर टेम्पोची हाय, आबा!"

"हूं."

"लोकं गाडी हलकी करायला आतली गादी उचकटून फेकत्यात, आणि तुम्ही टेम्पोची बॅटरी घालालाय?"

"वजन मागं गेलं की मागची चाकं रस्ता धरत्यात. घाटात गाडी चांगली चढतीया."

"मग कोपऱ्यात का? मधोमध बसवायची की."

खिशातलं फडकं काढून आबांनी उगाच हात पुसले. "उजवीकडनं सायलेन्सर जातोय. तापतंय तिथं. डावीकडं बरी."

मला पटलं. गाडीबद्दल आबा जे म्हणतील ते मला पटायचंच. कोल्हापुरात त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी लोक डोळे मिटून चालवायचे, मग मी तर त्यांची पोरगी.

माझं नाव वैजयंता, घरात वैजू. या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि इंद्रजितदादा गॅरेज सांभाळायचा. पण आम्हा दोघांची खरी ओळख वेगळीच होती. तो घाटातल्या शर्यतींत गाडी पळवायचा आणि मी त्याच्या डाव्या हाताला बसून वळणं सांगायचे. पुढे डावं, मोठं, मग लगेच उजवं, तिथं खडी आहे, जपून. गाडी पळवणाऱ्याला इतक्या वेगात पुढचं दिसतं, पण वळणापलीकडचं दिसत नाही. ते शेजारच्याने सांगायचं. दादा म्हणायचा, "मी नुसता हातपाय हाय. डोळं वैजूचं." त्या डाव्या सीटवर माझा जीव होता. पोरीची जात, हेल्मेट घालून कुठं फिरते, उद्या लग्न ठरेल का, असलं बरंच काही आईला ऐकून घ्यावं लागायचं आणि मग ते मला ऐकावं लागायचं. मी एका कानाने ऐकायचे. हेल्मेटमधून तसंही कमीच ऐकू येतं.

आणखी एक सांगून टाकते. आमच्याकडे पोरी स्वतःबद्दल बोलताना पोरांसारखंच बोलतात. मी येतो, मी जातो. पुण्याच्या मैत्रिणी यावर पोट धरून हसायच्या. हसू देत बापड्या.

तर त्या दिवशी बॅटरीच्या कामाला मी स्वतः हात लावला. बॅटरी मागे नेली की तिच्यापासून पुढच्या स्टार्टरपर्यंत जाड केबल न्यावी लागते, आणि ती गाडीच्या आतून जाते. मी आडवी पडून दरवाज्याखालच्या पट्टीलगत ती केबल बसवली. पत्र्यातून जिथं ती पार होते तिथं रबरी कडं घातलं, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलून काढते आणि गाडी पेटायला वेळ लागत नाही. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. डिकीच्या बाहेर, नंबरप्लेटच्या वर, आबांनी एक लाल खटका लावला. अपघात झालाच तर बाहेरच्या माणसानं तो फिरवायचा, की गाडीतली सगळी वीज बंद. शेजारी मी निळ्या त्रिकोणाचं स्टिकर चिकटवलं. त्याचा अर्थ, खटका इथं आहे.

दादा एरवी असल्या कामात सारखी चेष्टा करायचा. त्या दिवशी तो दारात पाठमोरा उभा होता.

"काय रं दादा, तोंडात गूळ धरलायस व्हय?"

"डोकं दुखालंय," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

शर्यत वाघझरीच्या घाटात होती. गाड्यांची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती. खटका, स्टिकर, बॅटरीचे पट्टे, सगळं तपासनिसाने हलवून बघितलं आणि पास केलं. सकाळी आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा आई आधीच पूजेला लागली होती. गाडी निघायच्या आत आईची पूजा व्हायलाच हवी, त्यात कुणाचं काही चालायचं नाही. चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, मग नारळ. मी तिला तशीच सोडली आणि एका ओळखीच्या घरी जाऊन शर्यतीचे कपडे चढवून आले.

हेल्मेट काखेत मारून मी डावं दार उघडलं.

आत सीट नव्हती.

खाली उघडा पत्रा, सीट बसवायची चार भोकं. मी एकदा दाराकडे बघितलं, एकदा आत बघितलं. चुकून दुसऱ्याची गाडी तर उघडली नाही ना, असंही वाटून गेलं. पण माझी केबल तिथंच होती, मी बसवलेली.

"दादा, सीट कुठाय?"

दादा हातमोजे चढवत होता. त्याने वर बघितलं नाही. "आज एकटा जातो, वैजू."

"म्हंजे?"

"ह्या शर्यतीत शेजारी कोण पायजेच असं न्हाई. एकटा गेलं तरी चालतंय. वजन कमी हुतंय."

"डिकीत टेम्पोची बॅटरी चालती, आणि माझं वजन जास्त झालं?"

तो हातमोज्याचा पट्टा आवळत राहिला. मी आबांकडे वळले.

"तुम्ही काढलासा?"

"व्हय." आबा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. "भांडू नको. जाऊ दे त्याला."

"मला आदल्या दिवशी सांगायचं तरी! केबल माझ्याकडनं वढून घेतलासा, आणि सीट काढताना मी परका झालो?"

"वैजू, जा म्हणतोय न्हवं?"

आबा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. तो आवाज ऐकून मी गारच पडले. आजूबाजूच्या टीमची पोरं आमच्याकडे बघत होती. लोकांनी आईला सांगून सांगून शेवटी हे केलं, पोरीला गाडीतून उतरवलं, असंच मला वाटलं. आणि दादानेही तोंड उघडलं नाही, याचा तर इतका संताप आला की डोळे भरून आले. तिथं रडण्यापेक्षा मेलेलं बरं. मी हेल्मेट आईच्या हातात कोंबलं आणि पाऊलवाटेने घाट चढायला लागले.

वाटेत डोंगर कापून केलेलं एक वळण लागतं. त्याला सगळे दगडी वळण म्हणतात. लांब सरळ रस्ता येतो आणि एकदम समोर काळा कातळ. तिथं गाडी उजवीकडे वळवावी लागते. त्या वळणावर चौगुले सर झेंडा घेऊन उभे होते. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि शर्यतीच्या दिवशी हौसेने झेंडे दाखवायचे. त्यांच्याबरोबर दोघंजण आग विझवायचं नळकांडं घेऊन बसले होते.

"अगं, तू इथं कशी?" सर म्हणाले. "तुमची गाडी सुटली की आत्ता."

"मला उतरवलं, सर."

"कुणी?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. खालून आमच्या गाडीचा आवाज आला. शंभर गाड्यांत मी तो ओळखला असता. लाल गाडी सरळ रस्त्याला लागली. आता पाय उचलेल, आता गिअर पडेल, म्हणून मी बघत होते. आवाज खाली यायला हवा होता, तो चढतच गेला. ब्रेक नाही, काही नाही. गाडी कातळावर, आमच्यावर, सरळ येत होती.

सरांनी मला हाताला धरून मागे खेचलं. पुढचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गाडीची डावी बाजू कातळावर आदळली होती. डावं दार आत घुसून गिअरच्या दांडीला टेकलं होतं. मी जिथं बसायचे तिथं बसायला जागाच उरली नव्हती. मला ते दिसत होतं आणि कळत नव्हतं. दादा उजवीकडे पट्ट्यांत अडकून लोंबत होता आणि गाडीखालून पेट्रोलचा ओघळ रस्त्यावर येत होता. टाकीतला पंप अजून चालू होता. त्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

"बॅटरी तोडा! आधी बॅटरी तोडा!" सर ओरडले.

एकाने पहार घालून चेपलेलं बॉनेट उचकटलं. दुसरा पक्कड घेऊन वाकला आणि तसाच थांबला.

"सर, बॅटरीच न्हाई हिच्यात!"

"न्हाई कशी? नीट बघ!"

"न्हाई ओ! जागाच रिकामी हाय!"

चित्रं काढणारा तो शांत माणूस वेड्यासारखा त्या रिकाम्या जागेत हात घालून चाचपत होता. वायरचं कुठंतरी टोक उघडं पडलं असणार, डॅशबोर्डाखालून चटचट ठिणग्या उडत होत्या. पेट्रोलचा वास नाकात भरला होता. मग एकदम लख्ख आठवलं, बॅटरी कुठं आहे हे इथं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

मी मागे धावले. नंबरप्लेटच्या वर खटका असायला हवा होता. तिथं झेंडूचा गुबगुबीत हार होता, लिंबू-मिरची होती, आणि माझ्या निळ्या स्टिकरवर हळदीकुंकवाचा जाड थर. आईला हार अडकवायला तेवढी एकच चांगली जागा सापडली होती. मी हार ओरबाडला. दोरा खटक्याभोवती गच्च गुंडाळलेला. दातांनी तोडला. मिरची ओठांना लागली. खटका फिरवला.

पंपाची घरघर थांबली. ठिणग्याही थांबल्या.

त्यांनी पट्टे कापून दादाला बाहेर काढून रस्त्यावर निजवलं. तेव्हा त्याचं अंग ताठ झालं होतं आणि गदागदा हलत होतं. दातखीळ बसलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस. बघायला जमलेल्यांतला एक म्हातारा पुढे झाला आणि पायातली चप्पल काढून दादाच्या नाकाला लावायला लागला.

"ओ, काय करालाय! त्याचा ॲक्सिडेंट झालाय!" मी त्याच्यावर धावून गेले.

"ॲक्सिडेंट मागनं झालाय, पोरी," म्हातारा म्हणाला. "ह्याला फिट आलीया. आमच्या भावाला येत हुती, मला कळतंय."

मी त्याला हात धरून बाजूला केलं. माझ्या भावाला फिट? माझा भाऊ आयुष्यात कधी साध्या तापाने झोपला नव्हता.

कोल्हापूरच्या दवाखान्यात दादाला आत नेलं आणि डॉक्टर बाहेर आले. पाय मोडला होता, बरगड्या दुखावल्या होत्या, पण जिवावरचं टळलं होतं. आईने तिथंच जमिनीवर बसून देवाला हात जोडले.

"एक सांगा," डॉक्टर म्हणाले. "यांना आधीपासून फिट येतात का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी किती वेळा, केव्हापासून, गोळ्या कोणत्या, सगळं विचारलं आणि आबांनी सगळं सांगितलं. त्यांना सगळं पाठ होतं. डॉक्टर गेले. आई पाणी आणायला गेली. जिन्याजवळच्या बाकड्यावर आम्ही दोघंच उरलो.

"कवापास्नं, आबा?"

"दिवाळीच्या आदुगर. गॅरेजात पडला. तू कॉलेजला गेलतीस. तुला न् आईला सांगू नका म्हणून पाया पडला माझ्या. डॉक्टरनी गाडीला हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय."

"आणि तुम्ही शर्यतीला सोडलासा?"

"किल्ली काढून घेतली हुती मी. जेवायचा बंद झाला. म्हणाला, एवढी एक मारू दे, मग जल्मात स्टेअरिंग धरत न्हाई. घोड्याएवढा पोरगा. बांधून घालू व्हय त्याला?"

आबा हातांच्या तळव्यांकडे बघत बोलत राहिले.

"मी म्हणालो, जातोस तर जा, पर वैजूला न्यायचं न्हाई. तर म्हणाला, आबा, मलाबी ती नकोच हाय गाडीत. पर ती नसली की माझं सगळं वजन उजवीकडं जातंय, डाव्या वळणाला डावीकडचं चाक उचलतंय. तिच्याबिगर गाडी उलटंल. मी म्हणालो, तुला वजनच पायजे न्हवं? वजन देतो तुला."

दवाखान्याच्या त्या जिन्यापाशी मला एकेक गोष्ट उलगडत गेली. टेम्पोची बॅटरी. डावा कोपरा. सायलेन्सर तापतो ही थाप. ती बॅटरी माझ्या जागी बसवली होती, आणि तिची केबल मी माझ्या हातांनी ओढली होती.

"मला काढलासा," मी म्हणाले. "आणि त्याला सोडलासा."

"दोघास्नी थांबवायची माझ्यात ताकद न्हवती ग. एकाला थांबवता आलं."

"मी दगडी वळणावर हुतो, आबा."

"आँ?"

"तुमच्यावर रागावून वर चढलो, आणि त्या वळणावर जाऊन हुबारलो. गाडी माझ्या अंगावर येत हुती. सरांनी वढलं म्हणून हाय."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं, मी खरंच तिथं आहे का हे बघितल्यासारखं. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना धरून गदगदा हलवावंसं वाटलं. मी नुसती बसून राहिले. या माणसाने माझा जीव वाचवायला इतका घाट घातला, आणि माझ्या भावाला मात्र स्वतःच्या हाताने गाडीत बसवून दार लावलं. त्यांच्यावर माया करायची की राग धरायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगते, आजही धड कळलेलं नाही.

संध्याकाळी दादाला शुद्ध आली. जास्त बोलू देऊ नका, मनाला लागेल असं काही सांगू नका, सकाळचं त्याला बहुतेक काही आठवणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि दोघांनाच आत सोडलं. मी पुढे, आबा माझ्या मागे.

मला बघितलं आणि दादा रडायलाच लागला. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं.

"वैजू? हाईस तू?"

"हाय की. मला काय झालंय?"

"नर्स म्हणत हुत्या, डावी बाजू पार चेपली. मला वाटलं... मला वाटलं, मी तुला मारलं."

मी त्याच्या कॉटवर बसले. सीट काढल्याचं, सकाळच्या भांडणाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. दादा, मी गाडीत न्हवतोच, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"लागलं न्हाई न्हवं तुला?"

"न्हाई रं."

त्याने डोळे मिटले. बोलताना त्याला धाप लागत होती. "लई बेस सांगत हुतीस आज. सगळं ऐकू येत हुतं मला. डावं, मोठं. मग उजवं. खडी हाय, जपून. एकबी चुकली न्हाईस. खालपास्नं वरपर्यंत तुझाच आवाज हुता." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दगडी वळणाला तेवढी तू बोलली न्हाईस. का ग?"

आबा माझ्या मागेच उभे होते. मी गाडीत नव्हते, असं म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, का नव्हतीस. मग आबांना तोंड उघडावं लागलं असतं, आणि बापाने दोघांतला एक जीव निवडला हे त्याला त्या कॉटवर पडल्या पडल्या ऐकावं लागलं असतं.

"चुकलो, दादा," मी म्हणाले.

आबा भिंतीकडे वळले. दादाने चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला.

"असू दे," तो म्हणाला. "हुतंय एखाद्या येळी."